मालिकेतली पहिली रात्र: तिला कुणी विचारतच नाही

जाईचा_मांडव (धागालेखिका)

आठच्या मालिकेत गेल्या आठवड्यात एकदाचं लग्न लागलं आणि काल 'ती' रात्र झाली. मालिकेचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण माझं म्हणणं त्या एकीबद्दल नाही. गेल्या चार-पाच वर्षांत बघितलेल्या बहुतेक मालिकांत मला हेच दिसलंय. पलंगावर गुलाबाच्या पाकळ्यांचं बदाम, चांदीच्या पेल्यात केशरी दूध, ती पदर डोक्यावरून पुढे ओढून बसलेली. तो आत येतो, दाराची कडी लावतो, कॅमेरा तीनदा कडीवर जातो. मग तो म्हणतो, "तुझ्या मनाविरुद्ध या खोलीत काहीही होणार नाही." उशी उचलतो आणि सोफ्यावर जाऊन झोपतो. ती डबडबल्या डोळ्यांनी बघत राहते.

सासूबाई आणि मी रोज बरोबर बघतो. त्या म्हणाल्या, "गुणी मुलगा आहे हो." मीही मान डोलावली. नंतर भांडी घासताना मात्र काहीतरी खुपायला लागलं. त्याने तिला विचारलं कुठे? तिच्या मनाविरुद्ध काय आणि मनासारखं काय, हे त्याने दारातच ठरवून टाकलं. जुन्या सिनेमातला दांडगट नवरा जसा एकटा ठरवायचा, तसंच यानेही एकट्यानेच ठरवलं. फरक एवढाच की निर्णय चांगला निघाला. तिला काय हवं होतं? बोलायचं होतं? हात धरायचा होता? की खरंच नुसतं झोपायचं होतं? बावीस मिनिटांत तिच्या वाट्याला एक वाक्य नव्हतं.

माझं लग्न चौदा वर्षांपूर्वी कर्वे रस्त्यावरच्या एका कार्यालयात झालं. लग्नाच्या रात्री मी आणि पाठराखीण म्हणून आलेली मावसबहीण हॉलमध्ये सासूबाईंच्या शेजारी गादीवर झोपलो, नवरा आतल्या खोलीत त्याच्या मामेभावांबरोबर. दुसऱ्या दिवशी सत्यनारायण झाला, पाहुणे पांगले, आणि मग आम्हाला खोली मिळाली. बहुतेक मराठी घरांत असंच असतं ना? गृहप्रवेशाच्या रात्रीच पाकळ्यांचा पलंग ही कुठली रीत आणि डोक्यावरून पदर ओढून बसलेली पुण्यातली नवरी कुठली, मला कळत नाही.

मला त्या रात्रीचं काय आठवतं सांगू? पिना. पूजेसाठी पुन्हा आंबाडा घालून दिला होता, त्यावर फवारा मारून केस लाकडासारखे झालेले. मी काढत होते आणि हात दुखायला लागले. नवरा म्हणाला, "मी काढू का?" मी हो म्हटलं. तो एकेक पिन काढून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवत गेला. माझ्या हातात हिरवा चुडा, जरा हललं की वाजायचा आणि भिंतीपलीकडे सासूसासरे. आम्ही दोघं त्या आवाजाला इतके घाबरलो होतो की शेवटी मी हातरुमाल बांगड्यांवर बांधला. मग मात्र हसू आवरेना. त्या हसण्यात माझी भीती गेली. पुढचं आमच्यापाशीच राहू दे. पण मालिकेत ही पिनांची अर्धी रात्र का दिसत नाही, हे विचारायला धागा काढलाय.

---

मुठाकाठ

मनातलं लिहिलंत. पण एक प्रश्न. आठ वाजता घरात सासू असते, दहावीतला मुलगा असतो. त्यांच्यासमोर काय दाखवणार? वाहिन्यांनी स्वतःवर घालून घेतलेल्या नियमांत प्रौढांसाठीचे कार्यक्रम रात्री ११ ते पहाटे ५ मध्येच दाखवायचे आहेत.

---

जाईचा_मांडव

@मुठाकाठ, पिना काढायला कोणत्या वेळेचा नियम आड येतो? मला आठ वाजता शरीरसंबंध बघायचा नाहीये. 'मी काढू का' आणि 'हो' ही दोन वाक्यं ऐकायची आहेत. उलट दहावीतल्या मुलाने ती ऐकलीच पाहिजेत.

---

ओवी_२७

+१. माझं लग्न डिसेंबरमध्ये आहे, म्हणून हा धागा दोनदा वाचला. आम्ही वर्षभर ओळखतो एकमेकांना, तरी या विषयावर दोघंही बोलायला कचरतो. परवा झेड ब्रिजवर उभे असताना त्याने मला विचारलं, "तुला कसली भीती वाटते?" मी म्हटलं, "आधी तू सांग." तो म्हणाला, "मला काही येत नसेल तर?" इतकं हलकं वाटलं मला! मालिकेतल्या नायकाला कधी भीती का वाटत नाही? एकतर तो सगळं जाणणारा असतो, नाहीतर संत.

---

कट्टेकरी

पुरुषाच्या बाजूने लिहितो. तो सोफ्याचा प्रसंग मला आणखी एका कारणासाठी सलतो. "तुला हवा तेवढा वेळ घे" हे वाक्य तिथे उपकारासारखं येतं. जणू त्याचा हक्क होता आणि त्याने मोठ्या मनाने मुदत वाढवून दिली. पुढे पन्नास भाग घरातली सगळी माणसं त्या त्यागाचं कौतुक करतात आणि तिच्यावर उपकारांचं ओझं चढत जातं. शेवटी ती 'तयार' होते ती कृतज्ञतेपोटी. प्रेमात पडून जवळ येणं आणि उपकार फेडायला जवळ येणं या दोन गोष्टींत मालिका फरकच करत नाही.

मी लग्नाच्या रात्री खरोखर खाली चटई टाकून झोपलो होतो, स्वतःला फार सभ्य समजून. तीन वर्षांनी बायकोने सांगितलं, "मला वाटलं मी तुला आवडले नाही." तीन वर्षं ती हे मनात ठेवून होती. मी एक प्रश्न विचारायला हवा होता.

---

ओवी_२७

@कट्टेकरी, हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. त्याला वाचायला पाठवते आहे.

---

संवाद_लिहिणारा

मी सात वर्षं दैनंदिन मालिकांचे संवाद लिहिले, आता कोथरूडला परत येऊन दुसरं काम करतो. आतली बाजू सांगतो.

कथा एक जण लिहितो, पटकथा दुसरा, संवाद तिसरा. माझ्याकडे पटकथा यायची तेव्हा 'तो सोफ्यावर झोपतो' हे ठरलेलं असायचं. कारण साधं आहे. दोघं जवळ आली की प्रेक्षकाची ओढ संपते, अशी वाहिनीची पक्की समजूत. म्हणून त्या खोलीत सतत कुणीतरी शिरतं. फोन वाजतो, आत्या बेशुद्ध पडते, दिवे जातात. गुरुवारी टीआरपीचे आकडे येतात आणि त्यावर पुढचा आठवडा ठरतो. सेटवर पुढच्या भागांचा साठा कधीकधी दोन दिवसांचासुद्धा नसतो. सकाळी संवाद पाठवायचे, दुपारी चित्रीकरण. अशा घाईत हात सवयीच्या गोष्टींकडे जातो. पाकळ्या, दूध, कडी. आर्ट डिपार्टमेंटलाही ते पाठ असतं, वेगळं काही सांगावं लागत नाही.

दुसरी अडचण शांततेची. तुम्ही सांगितलेला पिनांचा प्रसंग चांगला व्हायचा तर त्यात गप्प बसावं लागेल. दहा-बारा सेकंद नुसता पिन ठेवल्याचा आवाज. दैनंदिन मालिकेत दहा सेकंद शांतता ठेवली की संकलक विचारतो, संगीत कुठाय? पोळ्या लाटता लाटता ऐकणाऱ्या बाईला आवाज तुटला की वाटतं केबल गेली. हे मला एका बैठकीत अगदी गंभीरपणे सांगितलं होतं. मला ते तेव्हाही पटलं नव्हतं. पोळ्या लाटणारी बाई आवाज थांबला की मान वर करून बघते. तिला बघायला लावायचं असेल तर शांतताच हवी.

आणि कलाकारांबद्दल कुणी बोलत नाही. बावीस-तेवीस वर्षांची मुलगी, पहिलीच मालिका, ज्याच्याशी ओळख होऊन महिना झालेला अशा मुलाच्या खांद्यावर डोकं ठेवायचं आणि समोर पन्नास माणसं. हल्ली हिंदी सिनेमात आणि वेबमालिकांत अशा प्रसंगांसाठी समन्वयक नेमायला लागलेत. कुठे हात ठेवायचा, कुठे नाही, हे दोघांच्या संमतीने आधी ठरवून नाचासारखं बसवतात. मी ज्या सेटवर होतो तिथे तसं कुणी नव्हतं. एक ज्येष्ठ अभिनेत्री होत्या, त्या स्वतःहून त्या मुलीला बाजूला घेऊन विचारायच्या, "चालेल ना गं तुला?" पडद्यावरच्या संमतीबद्दल बोलताना मला ती कॅमेऱ्यामागची संमती आधी आठवते.

---

मुठाकाठ

ओढ संपते हे मात्र पटत नाही. 'एका लग्नाची दुसरी गोष्ट' आठवते का? २०१२, झी मराठी. लग्नच खोटं, करारावरचं, तरी त्या दोघांचं एका खोलीत राहणं, भांडणं, गप्पा आम्ही जेवणं लांबवून बघत होतो. बघणाऱ्याला बोलणं पुरतं. बोलण्यासारखं काही लिहिलेलं मात्र हवं.

---

जुनी_पानं

विषय निघालाच आहे तर याच पुण्यातला जुना वाद आठवला. १८९१ चा संमतिवयाचा कायदा. मुलीचं संमतीचं वय १० वरून १२ करायचं, एवढाच बदल. आणि त्यावरून केसरी एका बाजूला, आगरकरांचं सुधारक दुसऱ्या बाजूला. वादाच्या केंद्रस्थानी होता गर्भाधानाचा विधी. म्हणजे आज आपण जिला पहिली रात्र म्हणतो, तीच. ती कधी व्हावी यावर शास्त्री बोलले, वकील बोलले, संपादक बोलले. जिच्याबद्दल चाललं होतं तिला कुणी विचारलं नाही, असं मी लिहिणार होते, पण त्याच्याही आधी एक आवाज उठला होता. रखमाबाईंनी १८८५ मध्ये 'एक हिंदू स्त्री' या सहीने मुंबईच्या इंग्रजी वर्तमानपत्रात पत्रं लिहिली. अकराव्या वर्षी लावून दिलेल्या लग्नाच्या नवऱ्याकडे जायला त्यांनी नकार दिला. १८८७ मध्ये न्यायालयाने जा नाहीतर तुरुंगात जा म्हटल्यावर तुरुंग चालेल म्हणाल्या. पुढे डॉक्टर झाल्या.

आणि र. धों. कर्वे. त्यांचं 'समाजस्वास्थ्य' मासिक १९२७ मध्ये सुरू झालं आणि १९५३ पर्यंत चाललं. बायकांनाही सुख हवं असतं आणि ते मागायचा त्यांना अधिकार आहे, हे मराठीत तेव्हा छापून आलंय. खटले झाले त्यांच्यावर, १९३४ च्या खटल्यात त्यांचे वकील डॉ. आंबेडकर होते. मराठीला या विषयाची भाषा नाही असं कुणी म्हटलं की मला वाईट वाटतं. भाषा केव्हाची आहे. मालिका लिहिणाऱ्यांनी ती हातात घेतलेली नाही.

---

दवाखान्यातून

स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, हडपसर भागात बावीस वर्षं. लग्नानंतर आठ-पंधरा दिवसांत जोडपी येतात. तक्रार एकच, 'जमत नाही' किंवा 'फार दुखतं'. बहुतेक वेळा शरीरात दोष नसतो. दोन-तीन दिवसांचं जागरण, उपास, पाहुण्यांचा गराडा, आणि आज झालंच पाहिजे हा धसका. धास्तावलेल्या बाईचे स्नायू आखडतात, कोरडेपणा येतो, मग दुखणारच. मी त्यांना पहिलं औषध सांगते, पंधरा दिवस प्रयत्नच करू नका, नुसते एकमेकांजवळ राहा. बरीच जोडपी मुदत संपायच्या आतच हसत फोन करतात.

अजून एक. पांढरी चादर. मालिका तसं उघड दाखवत नाहीत, पण सकाळी सासूने सुनेकडे बघून गालात हसणं हे त्याचंच सौम्य रूप आहे. पहिल्या वेळी रक्तस्राव अनेक मुलींना होत नाही. योनीमुखाशी असलेला तो पडदा लवचिक असतो, प्रत्येकीत वेगळा असतो, आणि त्यावरून काहीही सिद्ध होत नाही. शिकलेल्या मुलीसुद्धा मला कुजबुजत विचारतात, "मॅडम, आलंच नाही तर?" कंजारभाट समाजातल्या तरुणांनी कौमार्य चाचणीविरुद्ध मोहीम काढली, तेव्हा जानेवारी २०१८ मध्ये पिंपरीत त्यांच्यातल्या काहींना मारहाण झाली. तरी ती मुलं मागे हटली नाहीत. २०१९ मध्ये राज्य सरकारने अशी चाचणी हा लैंगिक अत्याचाराचा गुन्हा धरला जाईल असं जाहीर केलं. आपल्या शहराच्या शेजारी माणसं यासाठी मार खातात आणि मालिकेत दुसऱ्या दिवशीची सकाळ अजून त्याच गालातल्या हसण्याने उजाडते. याचा मला राग येतो.

---

काळा_कोट

कायद्याचं थोडक्यात. पत्नी १८ वर्षांची किंवा त्याहून मोठी असेल तर नवऱ्याने केलेली जबरदस्ती बलात्काराच्या व्याख्येत बसत नाही. जुन्या दंडसंहितेतला हा अपवाद भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ मध्ये तसाच आला. दिल्ली उच्च न्यायालयात मे २०२२ मध्ये दोन न्यायाधीशांचं यावर एकमत झालं नाही आणि प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला. कायदा जिथे गप्प आहे तिथे घरातली सवय राज्य करते, आणि घरातली सवय घडवण्यात रोज रात्रीच्या मालिकेचा वाटा आहे. म्हणून हा धागा मला करमणुकीचा वाटत नाही.

---

गुलबाक्षी

सगळं मान्य, पण माझं वेगळं मत नोंदवते. मला पाकळ्या हव्यात. मी दिवसभर बँकेत आकडे बघते, घरी येऊन सासऱ्यांचं पथ्याचं करते. रात्री अर्धा तास मला सुंदर काहीतरी बघायचं असतं. त्यात कुणी संमती, कायदा, स्नायू समजावू लागलं तर मी वाहिनी बदलेन. आमचं लग्न झालं तेव्हा खोलीही नव्हती, महिनाभर स्वयंपाकघरात झोपलो. मला जे मिळालं नाही ते पडद्यावर बघताना बरं वाटतं. ते खोटं आहे हे मला कळतं.

---

जाईचा_मांडव

@गुलबाक्षी, तुझा प्रतिसाद वाचून मी खूप वेळ थांबले. तुझं बरोबर आहे आणि माझ्या लेखात ते सुटलं होतं. पाकळ्यांवर मी उगाच चिडले. पाकळ्या राहू देत, मंद दिवाही राहू दे. त्या पाकळ्यांवर बसलेली बाई फक्त बोलू दे. 'मला हे आवडतंय' असं नायिका म्हणाली तर ते तुझ्या स्वप्नात बसेल ना?

---

गुलबाक्षी

बसेल. खरं तर तेच बघायचंय. ती लाजून मान खाली घालते तिथेच दर वेळी पडदा काळा होतो. तिचा चेहरा नंतर कधी दिसतच नाही.

---

जुना_वाडा

आमच्या आईबाबांचं लग्न १९६२ सालचं. आदल्या वर्षी १२ जुलैला पानशेतचं धरण फुटलं आणि नदीकाठचं आमचं घर गेलं. नातेवाइकांच्या वाड्यात एका खोलीत सात माणसं. लग्नानंतर कित्येक दिवस दोघांना एकांत मिळाला नाही. मग आजीने युक्ती केली. दर शनिवारी संध्याकाळी दोघांना पर्वतीला देवदर्शनाला पाठवायची आणि बजावायची, "लवकर येऊ नका, पायऱ्या सावकाश चढा." आई सांगायची, "पायरीगणिक एक गोष्ट कळली मला तुझ्या बाबांबद्दल." त्यांना सायीची किळस आहे, वडील गेले तेव्हा ते रडले नव्हते आणि त्याचं त्यांना आयुष्यभर वाटत आलं, सगळं पायऱ्यांवर. आई म्हणायची, आमची पहिली रात्र पर्वतीवर झाली आणि ती संध्याकाळची होती.

---

संवाद_लिहिणारा

@जुना_वाडा, यावर कुणी मालिका लिहू देणार असेल तर मी मुंबईला परत जायला तयार आहे.

---

जाईचा_मांडव

काल रात्री सगळे प्रतिसाद सासूबाईंना वाचून दाखवले. मनात धाकधूक होती. बांगड्यांवर बांधलेल्या रुमालाचा भागही वाचला, तेव्हा त्या म्हणाल्या, "रुमाल कशाला गं, आम्ही पंखा मोठा केला होता." चौदा वर्षांनी कळलं.

मग बराच वेळ गप्प होत्या. त्यांचं लग्न १९७४ मध्ये साताऱ्याकडे झालं, तेव्हा त्या एकोणीस वर्षांच्या. म्हणाल्या, "वाईट नव्हते हो ते. पण विचारलं नाही. आणि गंमत बघ, विचारलं असतं तर मी हो म्हटलं असतं. मला आवडले होते ते. मांडवातच. ते सांगायचं राहून गेलं." सासरे जाऊन आता नऊ वर्षं झाली. मला काय बोलावं सुचलं नाही, मी त्यांच्या पायाशी बसून राहिले.

@संवाद_लिहिणारा, तुम्ही एक प्रसंग लिहून द्याल का? कुठल्या वाहिनीसाठी नको. आमच्यासाठी.

---

संवाद_लिहिणारा

रात्रभर याच्यावरच होतो. पिनांसाठी परवानगी मागायची राहिली, ती आता मागतो.

रात्री साडेअकरा. पंख्याचा आवाज. ती आरशासमोर आंबाडा सोडवते आहे. एक पिन अडकते.

तो: मी काढू?
ती: ओढू नकोस, दुखतं.
तो: दुखलं की सांग. थांबेन.

(पिन काढून बशीत ठेवतो. आवाज. दुसरी. तिसरी. संगीत नाही.)

तो: अठरा झाल्या.
ती: अजून असतील. पार्लरवालीने पाकीट संपवलंय.
तो: झोप आलीये तुला?
ती: खूप. (थांबून) पण झोपायचं नाहीये.
तो: मग?
ती: तुझे हात थरथरतायत.
तो: हो.
ती: मला वाटलं माझंच डोकं थरथरतंय.

(दोघं हसतात. तिचा चुडा वाजतो. दोघं एकदम भिंतीकडे बघतात.)

ती: पिना संपल्या तरी हात काढू नकोस. असाच राहू दे केसांत.
तो: किती वेळ?
ती: मी सांगेन.

---

ओवी_२७

"मी सांगेन." संपलं, मला एवढंच हवं होतं.

---

दवाखान्यातून

हे छापून दवाखान्यात लावलं तर चालेल?

---

संवाद_लिहिणारा

@दवाखान्यातून, नक्की लावा.

---

जाईचा_मांडव

सासूबाईंनी दोनदा वाचायला लावलं. त्यांना आवडलं, पण एक दुरुस्ती सुचवली आहे. जसं म्हणाल्या तसं लिहिते: "सगळं छान आहे, पण दार कुणी लावलं ते लिहिलंच नाही त्यांनी. मालिकेत कायम तोच लावतो. कडी तिला लावू दे म्हणावं."

---

संवाद_लिहिणारा

काकूंना नमस्कार सांगा. पहिली ओळ बदलली आहे:

रात्री साडेअकरा. पंख्याचा आवाज. ती उठते, दाराची कडी लावते, आणि परत येऊन आरशासमोर बसते.